खोगीर हवेचे की लोकरीचे?



बैलाच्या खांदेसुजीबद्दल या सदरात पूर्वी लिहिले आहे. जू वेडेवाकडे असले, खडबडीत असले किंवा जोडीतल्या बैलांची उंची सारखी नसली की खांदा सुजतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. खांद्याला औषध लावण्याआधी जू बदलावे लागते, हेही जाणती माणसे सांगतात. आज तीच गोष्ट घोड्याच्या पाठीबद्दल सांगायची आहे.

कोणी म्हणेल, आता घोडा राहिलाच कुठे? टांगे गेले हे खरे, पण घोडा गेलेला नाही. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला यात्रा भरते, तिथे आजही घोड्यांचा मोठा बाजार असतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोडे विकायला येतात. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात आणि तिथून पुढे कित्येक कुटुंबांची चूल घोड्याच्या जिवावर पेटते. धनगर बांधवांचा संसार अजून घोड्याच्या पाठीवरून चालतो. लगीनसराईत तर घोडीवाल्याला दम घ्यायला फुरसत नसते. तेव्हा हा विषय थोड्या घरांचा असला, तरी त्या घरांच्या पोटाचा आहे.

गेल्या वर्षी पौष महिन्यात हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पाहणीसाठी मी एका गावी गेलो होतो. पाहणी आटोपून निघालो, तर एका शेतकऱ्याने हात धरून घरी नेले. तीन एकर कोरडवाहू, दोन शेळ्या आणि एक घोडी. घोडीचे नाव बिजली. शेतीत बेताचेच पिकते; वरच्या खर्चाची सारी भिस्त लग्नाच्या वरातींवर. चहा होईपर्यंत त्याने मोबाईलवर एक चित्र दाखवले. पुण्याला त्याचा भाचा असतो. त्याला एका ओळखीच्याकडे वापरलेले, पण चांगल्या स्थितीतले परदेशी बनावटीचे खोगीर मिळत होते. त्याच्या गाद्यांत लोकर नव्हती, हवेच्या पिशव्या होत्या.

“साहेब, हवेवर बसवले तर घोडीला वजन लागायचंच नाही म्हणतात. दोन्ही शेळ्या विकतो अन् घेऊन टाकतो. तुम्ही काय म्हणता?”

मी काही बोलायच्या आत आतून त्याच्या घरधनिणीचा आवाज आला, “शेळ्या विकायच्या आधी साहेबांना घोडीची पाठ दाखवा. मी रोज खरारा करते. मानेच्या मागं हात गेला की ती अंग चोरते, कान मागं टाकते. पंधरा दिवस झाले, मी सांगतेय.”

आम्ही उठून घोडीजवळ गेलो. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे दोन चट्टे होते. केस झडलेले, कातडी गरम आणि किंचित सुजलेली. डावीकडच्या चट्ट्यातून पाणी येऊ लागले होते.

माझी एक जुनी चूक

ती पाठ पाहून मला १९९७ साल आठवले. मी नोकरीत नवा होतो, पदवीचा तोरा ताजा होता. असाच एक घोडा एका शेतकऱ्याने दाखवला. मी सांगितले, खोगिराखाली पोत्याच्या आणखी दोन घड्या घाला आणि जखमेच्या जागी पोत्याला भोक पाडा, म्हणजे तिथे टेकणार नाही. त्या भल्या माणसाने तसे केले. तीन आठवड्यांनी जखम तळहाताएवढी झाली. त्याचा उन्हाळ्याचा सारा धंदा बुडाला. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, हेच मला जास्त लागले.

चूक कुठे झाली? ते खोगीर घोड्याला आधीच अरुंद होते. पायात चप्पल घट्ट होत असेल, तर आत जाड मोजा घालून ती सैल होते काय? जास्तच आवळते. पोत्याला पाडलेल्या भोकाचीही तीच गत. मधला भार गेला तो भोकाच्या कडेवर, आणि कडेने नवी कातडी सोलली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते मी स्वतः करून बसलो. म्हणून आता कोणी खोगिराच्या भरणाबद्दल विचारले, की मी आधी खोगिराचा सांगाडा पाहतो.

सांगाडा आधी, भरण नंतर

खोगिराचे तीन भाग ध्यानात घ्या. आत लाकडाचा, लोखंडाचा किंवा हल्ली प्लॅस्टिकचा सांगाडा असतो. त्यावर चामड्याची बैठक. खाली, घोड्याच्या पाठीला टेकतात त्या दोन लांबट गाद्या. लोकर की हवा, हा प्रश्न फक्त या गाद्यांचा आहे. स्वाराचे वजन सांगाड्यातून गाद्यांवर आणि गाद्यांतून पाठीवर जाते. सांगाडाच अरुंद असेल तर तो चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी धरतो. फार रुंद असेल तर पुढून खाली बसतो आणि उंचवट्यावर आदळतो. चिरलेला असेल तर दर पावलाला मुरडतो. या तिन्ही दोषांवर जगातले कोणतेही भरण उपाय नाही.

घोड्याच्या पाठीचा कणा मधोमध असतो. त्याच्यावर भार मुळीच नको. भार घ्यायचा तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांनी, आणि तोही शेवटच्या बरगडीपर्यंतच. त्याच्या मागे कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो. म्हणून खोगीर लांबीला जास्त झाले आणि कमरेवर गेले, तरी घोडा पाठ चोरू लागतो.

आपल्या खोगिराची परीक्षा घरच्या घरी करता येते. घोडा सपाट जागी उभा करा आणि खोगीर घोंगडी न घालता नुसतेच पाठीवर ठेवा. मग पुढीलप्रमाणे पाहा.

१. उंचवटा आणि खोगिराची कमान यांच्यामध्ये, स्वार बसल्यावरही, दोन ते तीन बोटे जागा राहिली पाहिजे.

२. मागून वाकून पाहिले, तर दोन गाद्यांच्या मधल्या खाचेतून आरपार उजेड दिसला पाहिजे. ही खाच तीन-चार बोटे रुंद हवी, आणि पुढून मागेपर्यंत हवी.

३. गादीखाली तळहात घालून पुढून मागे सरकवा. दाब सारखा लागला पाहिजे. पुढे आणि मागे टेकते पण मध्ये हात मोकळा फिरतो, तर ते खोगीर पुलासारखे बसले आहे. सारा भार चार टोकांवर जाईल. मध्येच टेकते आणि टोके डुलतात, तर तेही वाईटच.

४. अर्धा तास रपेट करून खोगीर काढा आणि घाम पाहा. दोन्ही बाजूंना घाम सारखा असावा. घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे एक तर फार दाब आहे, नाहीतर खोगीर टेकतच नाही. तिथे बोटाने दाबून पाहा. घोडा अंग चोरतो, तर तो दाब समजावा.

५. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढरे केस उगवले असतील, तर ते दाबाने केसांची मुळे दुखावल्याची खूण आहे. ती सहसा जात नाही.

आता सांगाड्याचे माप घेण्याची युक्ती. हाताने वाकेल पण वाकल्यावर तशीच राहील अशी जाड तार दोन हात घ्या. (दुकानातून विकत घ्या, विजेच्या खांबावरची नको!) खवाट्याच्या हाडामागे दोन बोटांवर, जिथे सांगाड्याचे पुढचे टोक येते, तिथे ती उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना दाबून बसवा. न हलवता उचला, पुठ्ठ्यावर ठेवा आणि पेन्सिलीने रेघ मारा. तो आकार कापून घ्या, त्यावर तारीख लिहा. हा पुठ्ठा खोगिराच्या कमानीत आतून घालून पाहिला, की सांगाडा अरुंद की रुंद हे लगेच कळते. यात्रेला घोडा बरोबर नसला, तरी हा पुठ्ठा पिशवीत हवा.

बिजलीचे माप घेऊन मी पुठ्ठा कापला आणि खोगिरात घातला, तो निम्म्यातच अडकला. नवराबायको दोघेही पाहतच राहिले. घोडी चार वर्षांची, हडकुळी असताना घेतलेली, खोगीर तेव्हाचे. दोन वर्षांत ती वयात आली, वहिनींच्या हातच्या दाण्या-वैरणीवर भरली, खांद्याला रुंद झाली. खोगीर मात्र तेवढेच राहिले. मुलाला दोन वर्षांपूर्वीचा सदरा घालून तो उसवला म्हणून दोऱ्याला दोष द्यावा, तसे चालले होते.

लोकरीचे भरण

आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरताडाला वापरतात. चिंध्या, गवत, काथ्या, जे हाताला लागेल ते खोगिरात कोंबण्याच्या सवयीतून तो आला. पण भरण चांगले असेल तर ते निरुपयोगी नसते.

लोकरीचा मोठा गुण म्हणजे ती कमी-जास्त करता येते. घोड्याची एक बाजू दुसरीपेक्षा भरलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे एका गादीत मूठभर लोकर घातली, की खोगीर सरळ बसते. उन्हाळ्यात वैरण कमी पडून घोडा उतरतो, पावसाळ्यानंतर हिरव्या चाऱ्यावर भरतो. त्याप्रमाणे भरण बदलता येते. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, म्हणून ती दाबल्यावर पुन्हा फुलते. आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल ती अंगात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लोकरीच्या खोगिराची दुरुस्ती तालुक्याच्या गावचा चामड्याचे काम करणारा चांगला कारागीर करू शकतो.

दोषही सांगतो. नवी भरलेली लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. पुढे वर्षातून दोनदा तरी पाहावेच. दुर्लक्ष केले तर तिच्या गाठी होतात, आणि गाठ म्हणजे पाठीखाली ठेवलेला खडा. काही वर्षांनी सगळी लोकर काढून नव्याने भरावी लागते. शिवाय ठेवण्यात हयगय झाली तर कसर लागते, उंदीर घर करतात.

हवेचे भरण

परदेशात, विशेषतः इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाकडे, हवेच्या पिशव्यांची खोगिरे गेली काही दशके वापरात आहेत. आपल्याकडे ती मोठ्या शहरांतल्या घोडेस्वारीच्या क्लबांत दिसतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. एकात पिशव्या कारखान्यातच बंद केलेल्या असतात. त्यांतली हवा तुम्हाला कमी-जास्त करता येत नाही. दुसऱ्यात प्रत्येक पिशवीला नळी आणि झडप असते, आणि लहान पंपाने हवा भरता किंवा सोडता येते. सहसा प्रत्येक गादीत पुढे एक आणि मागे एक, अशा एकूण चार पिशव्या असतात.

हवेचे गुण खरे आहेत, ते नाकारून चालणार नाही. हवेची गाठ होत नाही. घामाने ती कुजत नाही, दबून कडक होत नाही. एका पिशवीच्या आत दाब सगळीकडे सारखा पसरतो आणि घोडा चालताना पाठ हलते तशी गादीही हलते. जाणकाराने स्वार वर बसलेला असताना चारही पिशव्यांची हवा जुळवली, तर खोगीर फार छान बसते.

पण दाब सगळीकडे सारखा पसरतो, याचा दुसरा अर्थही आहे. स्वार एका अंगाला झुकून बसत असेल, तर हवा त्याला सावरत नाही, ती बाजूला सरते आणि खोगीरही झुकते. सांगाडा अरुंद असेल, तर कडेची हवा दाबाने निघून जाते आणि सांगाड्याचे टोक पाठीला टेकते. एकाच पिशवीत इथे जरा जास्त, तिथे जरा कमी, असे भरण करता येत नाही. हवा जास्त झाली तर गादी कडक होते आणि स्वार चेंडूवर बसल्यासारखा उडतो. कमी झाली तर सांगाडा टेकतो.

आपल्या उन्हाचेही पाहिले पाहिजे. भर उन्हात ठेवलेल्या सायकलची ट्यूब कशी फुटते, हे पोरांनाही ठाऊक आहे. सकाळी २० अंशांना भरलेली हवा दुपारी ४५ अंशांपर्यंत तापली आणि पिशवीला फुगायला जागा नसली, तर आतला एकूण दाब सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढतो. पायथ्याला भरलेली हवा माथेरानसारख्या सुमारे ८०० मीटर उंचीच्या जागी नेली, तरी बाहेरचा दाब कमी होऊन पिशवी फुगते. म्हणजे जिथे काम करायचे तिथे, त्याच वेळेला हवा तपासायला हवी. झडप गळू लागली किंवा पिशवीला भोक पडले, तर एक बाजू बसते आणि खोगीर वाकडे होते. वरातीच्या गर्दीत, वाजंत्र्यांच्या दणक्यात, नवरदेव वर असताना हे झाले तर काय होईल, याचा विचार करा.

मग घ्यावे कोणते?

माझे मत स्पष्ट सांगतो. दोन्हींपैकी एक चांगले आणि दुसरे वाईट, असे नाही. ज्याची देखभाल तुमच्या आवाक्यात आहे, ते तुमच्यासाठी चांगले. शहरात घोडा आहे, हवेचे खोगीर जुळवणारा जाणकार नियमाने येतो, सुटे भाग मिळतात, घोड्याचा बांधा फार बदलत नाही, तर हवेचे खोगीर खुशाल घ्यावे. पण खेड्यात, जिथे घोड्याचा बांधा मोसमाप्रमाणे बदलतो, एकाच घोडीवर आज वीस वर्षांचा सडपातळ नवरदेव तर उद्या ऐंशी किलोचा बसतो, आणि झडप बिघडली तर दीडशे कोसांवर जावे लागते, तिथे लोकरीचे खोगीरच सोयीचे. मात्र एक अट आहे. लोकर एकदा भरून विसरायची नाही. भाकरी का करपली आणि घोडा का अडला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आपण देतो. लोकरीलाही तेच उत्तर लागू आहे.

लोकर भरताना

कारागिराकडे गेलात तर समोर बसून करून घ्या. घोंगडी विणणाऱ्यांकडे लोकर मिळते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड असते, तेव्हा निवडून घ्यावी. त्यातले सराटे, कुसळे, राठ केस काढावेत. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि पिंजून घ्यावी. मूठभर लोकर आवळून सोडा. ती फुलून वर आली तर भरायला योग्य, तशीच चपटी राहिली तर नको. कापूस भरू नये. तो घाम पितो आणि दगडासारखा बसतो.

जुन्या गाठी आधी सगळ्या काढाव्यात. गाठीवर नवी लोकर भरणे म्हणजे खड्ड्यावर गालिचा अंथरणे. दोन्ही गाद्यांसाठी लोकर तागडीत सारखी तोलून घ्यावी. लहान लहान पुंजके बोथट काठीने लांबच्या टोकापासून भरत यावे. मधून मधून तळहाताने दाबून पाहावे. गादी गच्च भरू नये. पोते गच्च भरले की गोल होते आणि गोल पोते गाडीत ठरत नाही, गादीचेही तसेच. ती सपाट बसली, तरच भार पसरतो. घोड्याच्या एका बाजूला खरोखर उणे असेल, तर शेवटी पाठीवर ठेवून पाहूनच त्या गादीत थोडी भर घालावी. नंतर चार-पाच दिवस हलकी रपेट, आणि पुन्हा एकदा परीक्षा.

दर तीन महिन्यांनी तारेने माप घेऊन नवा पुठ्ठा कापा आणि जुन्याशेजारी ठेवा. घोडा किती बदलला, ते डोळ्यांना दिसेल. वापर झाल्यावर गाद्या पुसून सावलीत वाळवाव्यात, आणि खोगीर जमिनीवर न टाकता आडव्या दांडीवर ठेवावे. चढताना शक्यतो ओट्यावरून किंवा दगडावरून चढावे. रोज एकाच बाजूने रिकिबीला लोंबकळून चढल्याने सांगाडा मुरडतो आणि त्या बाजूची लोकर दबते.

ओझ्याचाही विचार करा

खोगीर कितीही चांगले असले, तरी ओझे जास्त असेल तर पाठ टिकत नाही. माणूस, खोगीर आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण आडाखा आहे. घोड्याचे वजन काट्याशिवायही काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १३५ असेल, तर वजन सुमारे २५६ किलो येते. त्याचा पाचवा हिस्सा ५१ किलो. म्हणजे एवढ्या लहान तट्टावर धडधाकट माणूस बसवणे हेच मुळात जास्त आहे.

सामान वाहण्याबाबत कायदाही आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत तट्टासाठी ७० किलो, खेचरासाठी २०० किलो आणि गाढवासाठी ५० किलो ही कमाल मर्यादा आहे. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ काम देऊ नये, असेही त्यांत सांगितले आहे.

पाठ सोलली असेल तर

मी शेतकीचा माणूस आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. म्हणून इथे थोडेच सांगतो. जखम दिसली की त्या दिवसापासून खोगीर बंद. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड लहान चमचा मीठ विरघळवून जखम धुवावी. माश्या बसू देऊ नयेत. जळके ऑइल, रॉकेल, चुना असले काही लावू नये. आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि झाला तर वाचणे कठीण. तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारावे. कातडी पूर्ण भरून केस उगवेपर्यंत पाठीवर काही ठेवू नये.

शेळ्या वाचल्या

आता बिजलीचे पुढे काय झाले ते सांगून रजा घेतो. भाच्याने ते हवेचे खोगीर पाहण्यापुरते आणले होते. आम्ही पुठ्ठा घातला. तो बऱ्यापैकी बसला. पण रात्री हवा भरून ठेवले, तर सकाळी उजवीकडची मागची पिशवी बसलेली. झडप गळत होती. ती दुरुस्त करणारा आमच्या जिल्ह्यात मला तरी सापडला नाही. खोगीर परत गेले.

घोडी सहा आठवडे बसून राहिली. त्या मुदतीतल्या चार वराती दुसऱ्याने केल्या. घरात तंगी झाली, हे मी लपवणार नाही. एकदा तर तो शेतकरी म्हणाला, “साहेब, एक वरात केली तर काय बिघडेल? वर जाड घोंगडी घालतो.” मी काही बोलण्याआधीच वहिनी म्हणाल्या, “तुमच्या पाठीला फोड आला होता, तेव्हा पोतं उचललं होतं का तुम्ही?” विषय तिथेच संपला.

पुठ्ठा घेऊन त्याने तीन ठिकाणी खोगिरे पाहिली. तिसऱ्या ठिकाणी एका जुन्या खोगिराचा सांगाडा बरोबर बसला. लोकर मात्र गाठाळलेली. आपले खोगीर देऊन, वर थोडे पैसे घालून त्याने ते घेतले आणि तालुक्याच्या कारागिराकडून नव्याने भरून आणले. गुढीपाडव्याला पहिल्यांदा पाठीवर ठेवले. अक्षय्य तृतीयेच्या तिथीला बिजली वरातीत होती. शेळ्या दावणीलाच राहिल्या, एक व्यालीही.

परवा त्या बाजूला गेलो, तेव्हा पाहिले. जखमा भरल्या आहेत, पण दोन्ही जागी रुपयाएवढे पांढरे केस आले आहेत. ते आता जाणार नाहीत. शेतकऱ्याने त्यावर हात फिरवत म्हटले, “ही पंधरा दिवस सांगत होती, साहेब. मीच ऐकलं नाही.” दारामागच्या खुंटीला पुठ्ठे टांगलेले होते, प्रत्येकावर वहिनींच्या हातची तारीख. एकूण पाच होते.

आपल्या घरी घोडा असेल तर आजच त्याच्या पाठीवरून हात फिरवा. अंग चोरतो का, एवढे पाहा. खोगीर घ्यायचे की भरायचे, हे त्यानंतर ठरवा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)